कुटार कोणाचं?

आपल्या सभांतून शेळीला फार शिव्या बसतात. वक्ता कोणीही असो, पाचव्या मिनिटाला त्याच्या तोंडात शेळी येतेच. शेळी होऊ नका. शेळीसारखं मान खाली घालून जगू नका. टाळ्या पडतात. ज्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं त्यांना वाकलेला माणूस ताठ उभा करायचा होता आणि तो त्यांनी केला, त्याबद्दल वाद नाही. पण आता हे वाक्य बोलून बोलून इतकं गुळगुळीत झालंय की त्यातली खरीखुरी शेळी, चार पायांची, सकाळ-संध्याकाळ खायला मागणारी, ती कुठं गेली हे कोणी विचारत नाही.

ती वाशिम जिल्ह्यात आहे. मानोरा, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, कुठल्याही तालुक्यात जा. गावाच्या कडेला भीमनगर असेल, मांगपुरा असेल, बंजाऱ्यांचा तांडा असेल, तिथं दर दोन-चार दारांआड ती खुंट्याला बांधलेली दिसेल. आम्ही तिला शेळी म्हणत नाही, बकरी म्हणतो. शेळी शासन निर्णयात असते. माझ्या मायकडे सात आहेत. मी इथं मुंबईच्या गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो, शिक्षण मॅट्रिक, आणि त्या मॅट्रिकची फी, वह्या, परीक्षेला घातलेली चप्पल हे सगळं एका बोकडातून निघालेलं आहे. तेव्हा वाघ-सिंहांवर ज्यांना लिहायचंय त्यांनी खुशाल लिहावं. मी बकरीच्या खाण्यावर लिहिणार. कंटाळा आला तर पान उलटा.

आधी सरकारचा हिशेब पाहू. योजना आहे : दहा शेळ्या आणि एक बोकड. अनुसूचित जातीच्या माणसाला पंचाहत्तर टक्के अनुदान. २०२१ च्या शासन निर्णयात उस्मानाबादी किंवा संगमनेरी जातीच्या गटाची किंमत अशी मांडलीय. शेळीला ८,००० प्रमाणे दहा शेळ्यांचे ८०,०००. बोकडाचे १०,०००. विम्याचे १३,५४५. एकूण १,०३,५४५ रुपये. त्यातले ७७,६५९ सरकारचे, उरलेले २५,८८६ आपण उभे करायचे. नीट बघा, यात विमा आहे. म्हणजे बकरी मेल्यावर काय करायचं याचा विचार साहेबांनी केलाय. ती जिवंत असताना काय खाईल, त्याचे पैसे कुठेच धरलेले नाहीत. तो खर्च लाभार्थ्याचा. लाभार्थी म्हणजे कोण? ज्याच्या नावावर सातबारा नाही, धुरा नाही, धुऱ्यावरचं गवतही नाही, तो.

मायला हा कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, “बकरी सरकारची, मंग चारा काय माह्या हाडाचा घालू?”

आता दुसरा कागद. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं देशी गायीला राज्यमाता ठरवलं, आणि गोशाळेतल्या देशी गायीच्या पोटासाठी दिवसाला ५० रुपये अनुदान द्यायचं ठरलं. ५० रुपये रोज म्हणजे वर्षाला १८,२५०. एका गायीच्या वर्षभराच्या घासात सरकारी भावाच्या दोन बकऱ्या येतात आणि वर पैसे उरतात. गायीच्या तोंडचा घास काढा असं मी म्हणणार नाही. उपाशी जनावर ते उपाशी जनावर, त्याची जात काढू नये. पण मग बकरीची तरी का काढता? सगळी पुस्तकं तिला गरिबाची गाय म्हणतात. गाय म्हणता ना? मग गायीसारखं वागवा. ५० राहू द्या, ५ रुपये द्या. तेही राहू द्या, कुटार द्या.

कुटार म्हणजे काय हे मुंबई-पुण्यातल्या पोरांना सांगायला पाहिजे. सोयाबीन, तूर, हरभरा मळणीयंत्रातून निघाला की दाणा एका बाजूला पडतो आणि काड्या, टरफलं, पाला यांचा चुरा दुसऱ्या बाजूला उडतो. हा जो ढीग लागतो ते कुटार. पश्चिम महाराष्ट्रात भुसा-भुसकट म्हणतात तसलं. आजीच्या काळी आमच्याकडे ज्वारी होती, कडबा होता, आणि कापणीच्या मजुरीत धान्य घरी यायचं. नव्वदीनंतर सोयाबीन वाढत गेलं, आज खरिपात जिकडे पाहावं तिकडे तेच. ज्वारी गेली तशी कडब्याची गंजी गेली. मजुरी रोख झाली. रोख झाली हे चांगलंच झालं, कोणाच्या ओट्यासमोर पदर पसरायला नको. पण त्या रोख्याबरोबर काडीवरचा हक्कही गेला हे कोणी बोललं नाही. सोयाबीनची सोंगणी आमच्या बाया करतात. ऑक्टोबरच्या उन्हात, कंबर मोडेस्तोवर, बोटं चिरेस्तोवर. दाणा मालकाचा, ते समजलं. पण कुटारही मालकाचं. तो ते ढोरांना घालतो, विकतो, कारखान्याच्या भट्टीत जाणारे ठोकळे करणाऱ्याला देतो, आणि कधी कधी सरळ धुऱ्यावर पेटवून देतो. हार्वेस्टर आला की कुटार हाती लागतच नाही, मशीन ते वावरातच उधळत जातं.

यात जुनी एक गंमत आहे. इंग्रज अमदानीत साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्याला गवत आणि त्याच्या चुलीला लाकूड पुरवायचं काम गावच्या महाराचं. दाम नाही. वतन आहे ना, मग दाम कशाला! बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या गुलामीविरुद्ध बिल आणलं. मुंबई इलाख्यातली ही वतनं कायद्यानं संपायला १९५९ उजाडलं. ज्या जातीनं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या घोड्याला फुकट गवत घातलं, तिला स्वतःच्या बकरीसाठी कुटार पोत्याच्या भावानं विकत घ्यावं लागतं.

किती लागतं, तेही मांडतो. गोदीत काम करणाऱ्याला वजनाची भाषा कळते. तीस किलोच्या बकरीला दिवसाला वजनाच्या तीन-चार टक्के, म्हणजे किलो-सव्वा किलो सुका चारा पोटात जायला पाहिजे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मिरग लागेपर्यंत चार महिने रान कोरडं असतं. सरकारी गटातली अकरा जनावरं, एकशे वीस दिवस, दिवसाला किलो. तेराशे वीस किलो. त्यातलं अर्धं बाभळीच्या शेंगा, बोरी-निंबाचा पाला असं हिंडून मिळालं असं धरू. उरलं साडेसहा क्विंटल. सोयाबीनच्या एका बऱ्यापैकी एकरात दाण्याएवढं कुटार निघतंच निघतं. म्हणजे एका एकराचं कुटार. एका भूमिहीन घराचा उन्हाळा निघायला दुसऱ्याच्या एका एकराचा चुरा पुरतो, एवढीच ही गोष्ट आहे. आणि ज्या पोत्यात क्विंटलभर धान्य मावतं त्यात कुटार पाय देऊन दाबलं तरी बारा-पंधरा किलोच्या पुढे जात नाही. म्हणजे पन्नास पोती. दहा बाय बाराच्या टिनाच्या खोलीत माणसं झोपवायची की पन्नास पोत्यांची थप्पी मारायची?

हे झालं मिळवण्याचं. घालण्याचंही शास्त्र आहे, आणि ते तुम्हाला सांगतोय कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या गावाकडे बकऱ्या आहेत आणि सुट्टीत गेल्यावर तुम्ही फक्त मटण खाऊन येता. तुरीचं कुटार बकरीला सगळ्यात गोड. हरभऱ्याचंही खाते. सोयाबीनचं त्यांच्या खाली, कारण पान आधीच गळून गेलेलं असतं आणि काडी कडक. ती शेंगेची टरफलं वेचून खाते आणि काड्या तशाच सोडते. म्हणून दोन्ही मिसळून घालायचं. बकरी मोठी नखरेल जात. जमिनीवर पडलेलं, पायाखाली आलेलं, मुताचा वास लागलेलं ती तोंडाला लावत नाही. जमिनीवर कुटार टाकलं की निम्मं मातीत गेलं समजा. म्हणून तिच्या छातीच्या उंचीला गव्हाण पाहिजे. लोखंडी नको, जुन्या फळ्यांची चालते. तीही नसेल तर पाल्याची पेंढी आढ्याला टांगावी, मान वर करून खाणं तिला आवडतं. (आता बोला, कोण मान खाली घालतं ते!)

ऑक्टोबरात पाऊस लागून काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं कुटार मालक मोठ्या मनानं फुकट देतो. ते घेऊ नका. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदलायचा, पोटातल्या जिवाणूंना सवय लागायला वेळ लागतो. आणि मळणीच्या दिवसांत बकरी दाण्याच्या ढिगात शिरू देऊ नका. भरपेट दाणा खाल्लेली बकरी रात्रीतून पोट फुगून मरते आणि सकाळी गावात बोललं जातं की हिच्या बकरीनं माल खाल्ला, हिला देवानं शिक्षा दिली. देवाचा काही संबंध नाही. एकदम एवढा दाणा पोटात गेला की आतलं आंबतं आणि विष तयार होतं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी, ती असते दवाखान्यात.

आता मीठ आणि खनिज. ही गोष्ट सगळ्यात कमी पैशाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालेली. बकरी भिंत चाटते, माती खाते, दोरीवरचं लुगडं चघळते, उकिरड्यावरचं हाड तोंडात धरून बसते. बाया म्हणतात तिला चाटणं लागलं, कोणी म्हणतं नजर लागली, कोणी उतारा टाकतं. साधी गोष्ट आहे, अंगात क्षार कमी पडलेत. अशी बकरी वेळेवर माजावर येत नाही, पिल्लं मरतुकडी होतात, दूध आटतं, केस राठ होतात. काहीजण चुन्याची निवळी पाजतात. त्यानं कॅल्शियम मिळतं, पण तुरी-सोयाबीनच्या कुटारात ते तसंही बऱ्यापैकी असतं. कमी पडतो तो फॉस्फरस, आणि आमच्या काळ्या मातीत जस्तही कमी. सुक्या काडीवर चार महिने काढणाऱ्या जनावराला ते कुठून मिळणार? मूठभर गव्हाचा कोंडा घातला तर फॉस्फरस मिळतो, पण बोकडाला जपून, कोंडा-दाणा फार झाला की त्याला मुतखडा होतो. खरा उपाय खनिज मिश्रण. मोठ्या बकरीला दिवसाला आठ-दहा ग्रॅम, दोन लहान चमचे. सोबत खडेमीठ पाण्यात विरघळवून कुटारावर शिंपडायचं, म्हणजे न आवडणारं कुटारही ती चवीनं खाते आणि वर भरपूर पाणी पिते. अकरा जनावरांना महिन्याला सव्वातीन किलो खनिज मिश्रण लागतं. बाईच्या निंदणाच्या दोन रोजी. दोन रोजी फार नाहीत असं इथं बसून वाटतं. तिकडे दोन रोजींत किराणा असतो.

हा फॉस्फरस कुठून येतो हे मला पुस्तकातून कळलं नाही, फावड्यानं कळलं. आपल्या देशात फॉस्फरसचा दगड फार थोडा, तो मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तहून जहाजानं येतो. जहाज रिकामं होताना वरून ग्रॅब मोठा माल उचलतो आणि कोपऱ्याकोपऱ्यात उरलेलं झाडून गोळा करायला खाली माणसं उतरवतात. ती माणसं कोणत्या जिल्ह्यांतली, कोणत्या जातींची, ते मोजायला आयोग नको. दगडाची धूळ नाकात जाते, दातांवर बसते. खत त्याचंच होतं, आणि जनावरांच्या मिश्रणातलं डायकॅल्शियम फॉस्फेटही त्याचंच. सोयाबीनचा प्रवास याच्या उलट. तेल काढून उरलेली पेंड, म्हणजे जनावराचं सगळ्यात ताकदीचं खाणं, आपल्या देशातून जहाजात भरून परदेशच्या कोंबड्या-डुकरांसाठी जातं. म्हणजे पेंड समुद्रापार, दाणा मालकाला, कुटार भट्टीला, आणि फॉस्फरस आमच्या फुप्फुसात. समुद्र ओलांडून आलेला तो दगड मुंबईहून माझ्या मायच्या गव्हाणीपर्यंत मात्र पोचत नाही. आता तर समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, तरी नाही.

हाडाचं वर आलंच आहे. बकरी हाड चघळते कारण हाडात फॉस्फरस आहे. पूर्वी जनावरांच्या खाद्यात हाडांचा चुरा घालत. ती हाडं ज्यांनी गावोगाव ओढली, सोलली, गोळा केली, त्यांच्या वतनाच्या जमिनीला नावच हाडकी-हाडोळा. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेलं जनावर ओढू नका म्हणून सांगितलं, आपण सोडलं, बरं केलं. ज्यांनी आयुष्यभर हाडं उचलली त्यांच्याच खुंट्याला बांधलेली बकरी हाडातल्या क्षारासाठी भिंत चाटते. यावर मी कविता लिहायला घेतली होती, जमली नाही. कवितेत दहा ग्रॅम बसत नाहीत.

कोणी म्हणेल, कुटार-बिटार सोडा, बकरी हिंडवायला न्या. कुठं? वऱ्हाडात गायरानाला ई-क्लास म्हणतात. त्या जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ च्या ६ डिसेंबरपासून सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. आमच्या लोकांनी ई-क्लास वहिती केली, काहींना पट्टे मिळाले, बरेच अजून अतिक्रमणवालेच. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून निकाल दिला. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाची वाट ठेवलीय, पण नोटीस घेऊन येणारा ती ओळ वाचत नाही. त्याच वर्षी जुलैत राज्याचा शासन निर्णय आला. अतिक्रमण काढलं की तिथं चराई होईल असं कोणाला वाटत असेल तर त्यानं येऊन बघावं. एकीकडे वनखात्याचं झाडलावणीचं कुंपण, दुसरीकडे समृद्धीची भिंत. पाणलोटाची कामं झालेल्या गावांत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. गवत वाढतं हे खरं. पण ज्याच्याकडे गोठा आणि वावर आहे त्याला ते कापून नेता येतं, आणि ज्याच्याकडे बकरी आहे त्याला सांगतात बकरी विक, तिनं पर्यावरणाची वाट लावली.

आणि बकरी चुकून वावरात शिरली तर? शिवी, दंड, काठी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या नुसत्या संशयावरून चार दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. नुसता संशय, आणि त्यात एक शेळी. तेव्हा चाऱ्याचा प्रश्न हा पशुसंवर्धन खात्याचा किरकोळ प्रश्न आहे असं मला कोणी शिकवू नये. घरच्या गव्हाणीत कुटार असेल तर बकरी दुसऱ्याच्या धुऱ्यावर जात नाही, आणि तिच्यामागे धावणारं पोर मार खात नाही.

मग करायचं काय? २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना आहे, दादासाहेबांच्याच नावाची. ती गावात मिळाली तर हा सगळा लेखच नको. ती मिळेपर्यंत दोन गोष्टी मागता येतात. जो शेळीगट देता त्यासोबत पहिल्या उन्हाळ्याचं कुटार आणि वर्षाचं खनिज मिश्रण द्या. १३,५४५ चा विमा परवडतो, तर हेही परवडेल. आणि सोंगणीचा एकरी भाव ठरतो तेव्हा कुटाराचा वाटा त्या बोलीत धरा. दुसरी मागणी मंत्रालयात नेऊन उपयोग नाही. ती भाद्रपदात, वावराच्या धुऱ्यावर करायची असते, आणि नेमके त्या वेळी आपले कार्यकर्ते मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकत असतात. आणखी एक. १४ एप्रिल नेमका कुटार संपायच्या दिवसांत येतो. जयंती करा, धूमधडाक्यात करा. पण एका रात्रीच्या डीजेच्या पैशात भीमनगरातल्या सगळ्या बकऱ्यांचं वर्षाचं खनिज मिश्रण येतं, हा हिशेब मी लावून पाहिलाय, तुम्हीही लावा.

आमच्या गावात गेल्या साली सात-आठ बाया एकत्र झाल्या. भाव ठरवताना म्हणाल्या, पैसे ठरतील ते, पण कुटारातलं निम्मं आमचं. मालक हसला. मग दोन दिवस कोणी वावरात उतरलं नाही, आभाळ भरून आलं, आणि सोयाबीनच्या शेंगा तडकायला लागल्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, न्या सोयाबीनचं, तसंही ढोरं ते नीट खात नाहीत. तुरीचं मात्र त्यानं ठेवून घेतलं. तूर जानेवारीत निघते. माय फोनवर म्हणाली, “जानेवारीत पुन्हा जाऊन राह्यलो आमी.”